घराण्याची चौकशी

सत्तरच्या दशकात, मेंदूचे आजार घराण्यात कसे उतरतात यावर मी संशोधन करत होते. त्यासाठी दिघीतल्या एका घरी गेले. कंपनीने घरी बसवलेल्या तिथल्या कामगाराचे हातपाय क्षणभरही स्वस्थ राहत नसत. त्याच्या वडिलांनाही तसंच होत होतं का, एवढंच मला विचारायचं होतं.

पण घरात लग्नाची मुलगी होती. कुळाची चौकशी करतेय म्हणजे ही मुलाकडचीच, असं धरून त्याच्या बायकोने माझ्यापुढे पोहे ठेवले. "आमच्याकडं समदी ठणठणीत हाईत," ती म्हणाली. पडद्यामागे त्याची खाट करकरत होती, थांबतच नव्हती. मी परोपरीने समजावलं, तिला पटेना. मला चीड आली. दार वाजवायचं, पोहे खायचे, खोटं ऐकायचं, हेच महिनोन्महिने चाललं होतं. मी उठले.

ती फाटकापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "बाई, तुमच्या घरात कुणाला हाय? उगा कुणी उन्हातान्हाचं असं इचारत फिरत न्हाई."

"आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत," मी म्हणाले.

माझी धाकटी बहीण तेव्हा लग्नाची होती.