भाडेकरणीची तुती

मुलगी दहावी झाली आणि तिच्या क्लासेससाठी मी तिला घेऊन लातूरला दोन खोल्यांत राहायला गेले. नवऱ्याची नोकरी नायगावला, त्यानं तिथंच एक खोली केली. नांदेडजवळच्या विष्णुपुरीचं आमचं घर दोन वर्षं बंद ठेवण्यापेक्षा इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका तरुण सरांना भाड्यानं दिलं. सर आणि त्यांची बायको, दोघंच. किल्ली देताना मी तिला मोटरचं बटन दाखवलं, टाकीचा व्हॉल्व्ह दाखवला आणि शेवटी अंगणातली तुती. उन्हाळ्यात हिला रोज दोन बादल्या पाणी घालत जा, एवढंच सांगितलं. त्या झाडात माझा किती जीव होता ते सांगायचं राहिलं.

ते रोप नवऱ्याच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं दिलेलं. त्याचा रेशमाचा धंदा. किड्यांना पाला घालायला शेतभर तुती होती, पण बांधावर एक झाड पांढऱ्या फळाचं, ते त्यानं घरच्या पोरांना खायला राखलं होतं. मी एकदा त्याच्या शेतात ते फळ खाल्लं आणि तिथंच रोप मागितलं. चार वर्षं मी त्याला शेणखत घातलं, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी घातलं, वाळवी लागली तेव्हा बुंध्याला चुना फासला. झाड छतापर्यंत गेलं. पण नुसती पानं. चार-दोन फळं धरायची, तीही हिरवी असतानाच गळायची. शेजारची म्हातारी मला म्हणायची, हे तुझं शोभेचं झाड हाय.

आम्ही लातूरला गेलो त्याच्या पुढच्याच मार्चमध्ये मोबाईलवर फोटो आला. स्टीलचं पातेलं काठोकाठ भरलेलं, बोटाच्या पेराएवढी पांढरीशुभ्र तुती. खाली भाडेकरणीनं लिहिलं होतं, ‘काकू, आपलं झाड लागलं.’

मी तेव्हा पोळ्या करत होते. तव्यावरची पोळी करपली. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. चार वर्षं मी राबले आणि ही आठ महिन्यांत पातेलं भरून बसली. आणि ‘आपलं’ कुणाचं?

तिनं नांदेडहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर डबाही पाठवला. तुती तशी दोन दिवससुद्धा टिकत नाही. एसटीतल्या उकाड्यात तिचा लगदा झाला होता. मी मुलीला म्हणाले, बघ, उरलंसुरलं पाठवलंय. मुलीनं बोटानं तो लगदा चाटून डबा रिकामा केला आणि असं गोड आपण कधीच खाल्लं नाही म्हणाली. मला तिचाही राग आला.

एप्रिलमध्ये टाकी गळते का ते बघायचं निमित्त काढून मी विष्णुपुरीला गेले. अंगणात शिरले तर झाडाखाली गल्लीतल्या चार बाया बसलेल्या. मी तिथं नऊ वर्षं राहिले, पण माझ्या अंगणात या बाया अशा कधी टेकल्या नव्हत्या. आता मांडीवर पोरं घेऊन, तोंडं चालवत निवांत बसल्या होत्या. शेजारची म्हातारी मला म्हणाली, “ये गं, मॅडमच्या झाडाचं शहतूत खाऊन बघ. लई गोड हाय.”

मॅडमच्या झाडाचं. भाडेकरणीनं मला खुर्ची दिली, बशीत फळं दिली, वर चहा ठेवू का म्हणून विचारलं. माझ्याच घरात मी पाहुणी. मी दोन फळं तोंडात टाकली. साखरेसारखी होती. पण मी म्हणाले, जरा पाणचटच आहेत. तिचा चेहरा उतरला, ते बघून मला बरं वाटलं. आता खोटं कशाला सांगू?

उन्हाळा सरला, दिवाळी झाली, पण ते पातेलं काही माझ्या डोक्यातून जाईना. पुन्हा मार्च येणार, पुन्हा फोटो येणार, असं वाटायचं. शेवटी डिसेंबरात मी तिला फोन केला. म्हटलं, झाडाची मुळं जमिनीतल्या टाकीत शिरतील, फार वाढलंय ते, कमरेएवढं ठेवून सगळं छाटून टाका. मग ती म्हणाली, “घर तुमचं हाय काकू. तुम्ही म्हणाल तसं.”

दोन दिवसांनी फोटो आला. कमरेएवढं खोड आणि भोवती फांद्यांचा ढीग. खाली काहीच लिहिलेलं नव्हतं. त्या दिवशी मी समाधानानं झोपले. दुसऱ्या दिवशी तो फोटो पुन्हा उघडला आणि माझ्या हातून काय झालं ते कळलं. मीच लावलेलं झाड, आणि छाटायला मीच लावलं. फोटो पुसून टाकला.

मार्चमध्ये फोटो आला नाही. झाड मेलं, असं मी धरून चालले. मुलीची बारावीची परीक्षा संपल्यावर एक दिवस न कळवताच विष्णुपुरी गाठली. खोडाला चहूबाजूंनी हातभर लांब नवे फोक फुटले होते आणि प्रत्येक पानाच्या बगलेत पांढरी फळं लगडली होती, मागच्या वर्षीपेक्षा दुप्पट. छाटल्यावर तुतीला नवी फूट येते आणि फळ त्या फुटीवरच धरतं, हे मला पुढं त्या रेशीमवाल्यानं सांगितलं. चार वर्षं मी झाडाला कात्री लावली नव्हती, म्हणून ते नुसतं वर वर जात राहिलं होतं. मग पहिल्या वर्षी तिला फळ कसं मिळालं, हेही मी त्याला विचारलं. तो म्हणाला, नवीन माणसं राहायला आली की आधी अंगण साफ करतात, छाटली असेल वरवर.

त्या दिवशी मी भाडेकरणीला विचारलं, एवढं लागलंय तर कळवलं का नाही. ती फळं वेचत होती. मान वर न करता म्हणाली, “सांगितलं असतं तर तुम्ही बुडापासून काढायला लावलं असतं, असं वाटलं काकू.”

मी पाणी प्यायले आणि मिळेल त्या एसटीनं लातूरला परतले.

जूनमध्ये सरांना दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि किल्ली घ्यायला मी विष्णुपुरीला गेले. सामान टेम्पोत चढत होतं, तेव्हा मी तिला मागच्या पायरीवर बसवलं आणि सांगून टाकलं की मुळांचं कारण खोटं होतं, मला बघवत नव्हतं. ती म्हणाली, “मला माहीत होतं. टाकी तिकडच्या कोपऱ्यात हाय, मुळं कशाला जातील तिथवर?” आवाजात राग नव्हता, पण मायाही नव्हती. मग तिनं विचारलं, नव्या घरी लावायला दोन काड्या नेऊ का?

मी स्वतःच कात्री घेऊन झाडाशी गेले. हात आपोआप बारीक, कोवळ्या काड्यांकडे गेला. त्या रुजत नाहीत हे मला ठाऊक होतं. ती मागं उभी राहून बघत होती. मी ती काडी सोडली आणि करंगळीएवढी जाड, फुटीचे चार डोळे असलेली एक कापली, मग तशीच दुसरी. ओल्या गोणपाटात गुंडाळून तिच्या हातात दिल्या. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला तरी, त्यातली एक तरी वाळून जावी, असं मला वाटतच होतं.