पिवळ्या प्लग वायरी

माझा मामेभाऊ माझ्यापेक्षा बराच लहान. उरणच्या बाजूची मामाची शेती कंटेनर यार्डाला भाड्याने गेली आणि मामा वारल्यावर सगळा कारभार ह्याच्या हातात आला. आधी घरात बुलेट आल्या, मग उंच टपाच्या गाड्या, आणि शेवटी एक जुनी अमेरिकन गाडी. दोन दारांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरची, पिवळीधमक. सुरू झाली की शेजारच्या घरातली भांडी वाजतात.

गाडी मात्र चांगली होती, हे आधीच सांगतो. बॉनेट उघडून पाहिलं तेव्हा ते इंजिन मला मनापासून आवडलं. ज्यांनी ते बनवलं त्यांना लोखंड कळत होतं.

माझी सगळी नोकरी केबलच्या कारखान्यात गेली. टेस्टिंगला होतो. वायर तापवायची, वाकवायची, जाळायची आणि कुठे फाटते ते बघायचं. म्हणून त्याने नेरूळला मला फोन केला.

"दादा, तू वायरवाला मानूस. गाडी गरम झाली की खोकते. मेकॅनिक बोलतो प्लगच्या वायरी बदल. बॅटरी पन घ्यायची हाय. येतोस काय?"

मी गेलो. बॉनेटखाली बघताच दुखणं कळलं. त्या इंजिनात धूर बाहेर नेणारे पाइप प्लगांच्या अगदी बाजूने उतरतात आणि तव्यासारखे तापतात. जुन्या वायरींची कातडी त्या पाइपांना टेकून करपली होती, बोट लावलं की पापुद्रे सुटत होते. आणि बॅटरी ठेवली होती त्याच पाइपांच्या पुढ्यात. तिच्या अंगाला हात लावून बघितला, ठेववेना.

मी त्याला नीट समजावलं. "वायर सिलिकॉनची घे. प्लगवर बसणारी रबरी टोपीसुद्धा सिलिकॉनची. जिथे पाइप जवळ आहे तिथे वरून काचेच्या धाग्याची नळी चढव आणि क्लिप लावून वायर लांब ठेव. बॅटरी इथे नकोच. सीलबंद घे, गॅस बाहेर काढायला नळी असलेली, आणि डिकीत बसव. तिथून जाड केबल पुढे आण."

"डिकीत स्पीकर बसवायचेत रे," तो म्हणाला.

"मग ठरव काय हवंय. गाडी चालायला हवी की वाजायला?"

तो हसला. मला वाटलं, समजला.

आम्ही दोघं कळंबोलीला एका स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदाराने चकचकीत खोक्यातून पिवळ्या वायरी काढल्या. वर मोठ्या अक्षरांत सिलिकॉन छापलेलं. भावाचे डोळे चमकले. मी म्हटलं, एक तुकडा द्या, जाळून बघतो. दुकानदाराने तोंड वाकडं केलं, पण दिला. दुकानाबाहेर जाऊन लायटर लावला. वायर लगेच गळायला लागली. काळे थेंब टपकले, काळा धूर निघाला आणि तो वास आला. साधं प्लास्टिक जळाल्याचा. इतकी वर्षं कारखान्यात तो वास घेतलाय, अजूनही घशाशी येतं.

"हे सिलिकॉन नाही," आत येऊन मी म्हटलं. "सिलिकॉन गळत नाही. जळलं तर पांढरी राख होते."

"साहेब, शोसाठी सगळे हेच नेतात," दुकानदार म्हणाला. त्याला ना लाज, ना राग. "वर छापायला काय लागतं?"

हे त्याने इतक्या सहज सांगितलं, की काउंटरवर ठेवलेला हात मी उचलून खिशात घातला.

आग्रह केल्यावर आतून दुसरा सेट आला. काळपट, मंद, खोकंसुद्धा साधं. तुकडा जाळला, पांढरी राख पडली. तोच घ्यायला लावला. सीलबंद बॅटरीही घेतली. परत येताना भाऊ ते साधं खोकं उलटसुलट करून बघत होता. शेवटी म्हणाला, "पन काला रंग, दादा? गाडी पिवली हाय."

मग त्याच्या मुलाचं लग्न आलं. संध्याकाळी देवळापासून मांडवापर्यंत नवरदेवाची मिरवणूक. गाडी देवळासमोर फुलांनी मढवून उभी होती, आणि तिचं बॉनेट काढून ठेवलं होतं, लोकांना इंजिन दिसावं म्हणून. मी पुढे जाऊन बघितलं. आठही प्लगांवर पिवळ्या वायरी. बॅटरी जुन्याच जागी, पाइपांच्या पुढ्यात, सीलबंद नव्हे, पाणी भरायच्या झाकणांची बॅटरी, वरून तीही पिवळी रंगवलेली.

"मी घेतलेल्या कुठे गेल्या?"

"बदलून आनल्या," तो म्हणाला. "त्या काल्या वायरी मयतासारख्या दिसत होत्या. आनि शुभकार्याला तोंड असं नको करूस."

अंगाला त्याने एवढं अत्तर फासलं होतं की मी दोन पावलं मागे सरलो.

पुढच्या सीटवर माझी मामी बसणार होती. नातवाच्या हट्टाने हिरवं रेशमी लुगडं, केसांत अबोली. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, मामी, तू ह्या गाडीत बसू नकोस, माझ्याबरोबर चालत चल. ती म्हणाली, "नातवाची वरात हाय बाला. एकदाच बसते." मी तिच्या दाराला धरून चालायला लागलो.

गाडी मुंगीच्या चालीने सरकत होती. डीजेचा दणका. दर थोड्या अंतरावर भाऊ गाडी उभी करून ॲक्सिलरेटर दाबायचा, पोरं मोबाइल वर करून आरोळ्या ठोकायची. हवा नाही, वेग नाही, नुसता जाळ. थोड्या वेळाने सडक्या अंड्यांचा वास आला. आधी वाटलं गटार असेल. पण वास गाडीबरोबर पुढे येत होता. बॅटरी उकळत होती. त्यात जळक्या प्लास्टिकचा वास मिसळला, त्यात अत्तर, त्यात फटाक्यांची दारू. मी दार बडवलं. "बंद कर! बॅटरी उकळतेय, बंद कर!" त्याने मला खुशीत अंगठा वर करून दाखवला आणि आणखी जोरात रेस केली.

मामीने पदर नाकाला लावला. "कसला घान वास येतो रे?"

"उतर," मी म्हटलं. दार उघडून तिला खाली घेतलं. गर्दी इतकी, की पुढच्या चाकाजवळूनच वाट होती. तिथे पोचलो आणि इंजिनात एका वितळलेल्या वायरीवरून ठिणगी पाइपावर उडताना मला दिसली. मी मामीला मागे ओढलं. तेवढ्यात बॅटरी फुटली.

मोठा बार झाला. लोकांना वाटलं सुतळी बॉम्ब. लोक ओरडले, आनंदाने. शिट्ट्या वाजल्या. आणि त्या शिट्ट्यांमध्ये मामी किंचाळत होती, "जलतंय! हात जलतोय!"

तिच्या हातावर, लुगड्यावर, माझ्या शर्टावर ॲसिड उडालं होतं. बाजूला वरातीसाठी पाण्याचे मोठे जार ठेवले होते. मी एक उचलून तिच्या हातावर ओतायला लागलो. कोणीतरी म्हणालं, "ओ, प्यायचं पानी हाय ते." त्याचा चेहरा मला आठवत नाही, बरं आहे. नवरदेव मात्र शेरवानीसकट मागच्या सीटवरून उतरला, दुसरा जार फोडला आणि आजीच्या हातावर ओतत राहिला. मी थांब म्हणेपर्यंत थांबला नाही. मग आम्ही तिला डॉक्टरकडे नेलं. डोळे वाचले होते. हातावर लाल चट्टे, मलम, पट्टी. लग्न लागलं तेव्हा मामी पट्टी बांधून खुर्चीत बसली होती.

दुसऱ्या दिवशी तिने पट्टीचा हात सांभाळत लुगडं धुवून वाळत घातलं. आधी नुसते डाग होते. पाण्यातून काढल्यावर तिथे भोकं पडली होती, काठापर्यंत. ती एकेका भोकातून बोट घालून बघत होती.

तेवढ्यात भाऊ आला. मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. बॅटरी फुटल्याचा व्हिडिओ त्याने गाणं लावून टाकला होता. धूर, बार, नाचणारी पोरं, खाली कमेंटमध्ये हसणारे चेहरे.

"किती लोकांनी बघितला बघ, दादा!"

"ह्यात मामी ओरडत होती," मी म्हटलं.

"तेवढा आवाज कापला," तो म्हणाला. "बरं नाय वाटत ना."

मामी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर होती. मी त्याच्याकडे बघितलं, आणि मला त्याच्या पांढऱ्या बुटांची, मोबाइलची, त्या हसण्याची अशी शिसारी आली की तोंड कडू झालं. मोरीत जाऊन चूळ भरली. बाहेर येऊन मामीला म्हटलं, पिशवी भर, माझ्याकडे चल. ती निघाली. हात बरा होईपर्यंत नेरूळला राहिली. लेकाविषयी वाईट शब्द बोलली नाही, पण त्याचा फोन आला की तो माझ्या बायकोकडे द्यायची.

पुढे एकदा त्याने मलाच फोन केला. "दादा, आता कुठली बॅटरी घेऊ ते सांग. परत गाडी काढायची हाय."

फोन ठेवून द्यावा असं फार वाटलं. पण त्या गाडीत उद्या कोणीतरी बसणारच होतं, कोणाची तरी आई, कोणाचं तरी पोर. म्हणून सगळं परत सांगितलं. वायर, टोपी, नळी, क्लिप, डिकी. त्याच्याकडून परत म्हणवून घेतलं. आणि म्हटलं, मी बघितल्याशिवाय कोणाला बसवायचं नाही.

गेलो, बघितलं. काळ्या वायरी, पाइपांपासून लांब. बॅटरी डिकीत, घट्ट बांधलेली, गॅसची नळी खालून बाहेर काढलेली. मी बराच वेळ इंजिन चालू ठेवायला लावलं आणि वाकून वास घेतला. गरम लोखंड आणि तेल, बाकी काही नाही. काम बरोबर झालं होतं. त्याचा आनंद व्हायला हवा होता.

"दिसायला मजा नाय येत," तो म्हणाला, आणि मोबाइल काढला. "इंजिनाजवळ उभा राहा दादा, एक फोटो काढू."

मी नको म्हटलं. हात पुसायला त्याने पिवळं फडकं पुढे केलं, तेही घेतलं नाही. हात शर्टालाच पुसले आणि नेरूळची बस धरली.