हातभर ताणा

सकाळी मेथी निवडत होते, तेव्हा शेजारच्या आप्पांचा फोन आला. "सुमी गेली गं," एवढंच बोलले. मी फोन ठेवला आणि निवडतच राहिले... पानं दांड्यांत, दांडे पानांत. महिना होऊन गेला, अजून माझं तसंच चाललंय.

सुमनक्का आमच्या शहापूरच्या विणकर गल्लीतली, आप्पांची धाकटी बहीण, माझी शेजारीण. नवऱ्याच्या नोकरीपायी जॉर्डनला गेली. तिथं पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावणीत बायकापोरांसाठी एक केंद्र होतं. शिवणाचा वर्ग, दवाखाना, पोरांचा अभ्यास. घरी बसून कंटाळलेली ही बया तिकडं जाऊ लागली आणि सुताराला चित्र काढून देऊन चक्क हातमाग उभा करून घेतला! तिला मूल नव्हतं. तिकडं बाईला थोरल्या लेकाच्या नावानं हाक मारतात, अमक्याची आई. हिला 'शहापूरची आई' म्हणायचे. हे सांगताना आक्का लाजायची, सत्तरीतसुद्धा.

मी ते केंद्र पाहिलेलं नाही. पण तिच्या तोंडून इतकं ऐकलंय, की ते मला आमच्या गल्लीतच दिसतं. पत्र्याचं छप्पर, कसलासा पाला घातलेला कोरा चहा, कधीही न पाहिलेल्या गावाचं नाव आपलं म्हणून सांगणाऱ्या पोरी... आणि मधूनच आमच्या देवळाची घंटा. दुपारी डोळा लागला की मी तिथं असते, अन् आक्का मागावरून खेकसते, "तुझ्या हाताला सूत बसत न्हाय बघ."

इकडं परत यायला निघताना तिनं तिथल्या मागावरचा ताणा पुरा कापला नाही. हातभर उभे धागे तसेच ठेवले. आमच्याकडची पद्धतच आहे ती. नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याला गाठ मारून जोडायचा, माग उघडा पडू द्यायचा नाही. "परत जाऊन मीच जोडीन," म्हणायची. मग नवरा गेला, गुडघे गेले, जाणं राहिलंच. ते तिला फार लागलं होतं.

इथं आप्पांच्या घरातल्या तिच्या मागावरही हातभर ताणा तसाच होता. दिवसकार्य आटोपल्यावर आप्पा फरशी बसवायची म्हणून माग मोडायला निघाले. मी भांडले. पण त्यांचंही खरं होतं. खोली अडली होती, त्यांनी स्वतः विणणं कधीच सोडलेलं, आता विणणार कोण? ते कात्री घेऊन उभे होते, तेवढ्यात आक्काचा मोबाईल वाजला. पडद्यावर उम्म खालिद, म्हणजे खालिदची आई, केंद्रातली तिची जुनी मैत्रीण. शेजारी नात, इंग्रजीत बोलणारी. आक्का गेल्याचं मीच सांगितलं. म्हातारीनं फोन तिथल्या मागाकडं वळवला. अर्धं विणलेलं निळं कापड. नात म्हणाली, तुमच्या बाईंच्या धाग्यांना आम्ही आमचे जोडले, ते संपत आल्यावर त्यांना पुढचे. माग एकदाही उघडा पडला नाही.

फोन बंद झाला. आप्पा मागापाशी बसले, ते हातभर धागे बोटांनी चाचपले आणि कात्री माझ्याकडं दिली.

"सूत कुठं ठेवायची गं ती?"

फडताळात नव्हतं. पलंगाखाली तिची प्रवासाची बॅग होती, भरून ठेवलेली. तीत सापडलं... निळ्या सुताच्या लडी, आणि वर पासपोर्ट.