खांबाआडचा नाच

काटेवाल्यांना स्वस्थ बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. दुकानादुकानांतून वजनकाटे दुरुस्त करत हिंडायचं, हा त्यांचा जन्मभराचा धंदा, म्हणून लोक त्यांना काटेवाले म्हणत. गिऱ्हाइकाने चहा मागवला तर तोही ते उभ्यानेच पीत. घरी जेवताना टेबलाखाली उजवा गुडघा सारखा हलायचा. पेल्यातलं पाणी थरथरायला लागलं की बायको म्हणायची, "अहो, इंजिन बंद करा. जेवण चाललंय."

असा माणूस बॅले बघायला जातो हे कळलं की लोकांना हसू आवरत नसे. त्यांनाही ते नीट सांगता यायचं नाही. तरुणपणी एकदा थिएटरच्या तळघरातला सामान तोलायचा मोठा काटा अडकला होता. दौऱ्यावर आलेल्या बॅलेवाल्यांच्या पेट्या वजन करायच्या खोळंबल्या होत्या, म्हणून यांना बोलावणं आलं. काम झाल्यावर चुकीच्या दारातून बाहेर पडले ते थेट रंगमंचाच्या कडेला. तिथे एक लांब मानेची मुलगी तालीम करत होती. गिरक्या घेत आली आणि एका पायाच्या चवड्यावर उभी राहिली. नुसती उभी राहिली. काटेवाल्यांचा गुडघा तेवढ्यापुरता थांबला. ही गोष्ट घरी गेल्यावर त्यांच्या लक्षात आली.

तेव्हापासून ती मंडळी गावात आली की काटेवाले बाल्कनीत हजर. त्यांची जागा ठरलेली होती, आणि ती कोणी मागतही नसे, कारण त्या जागेच्या पुढ्यात एक जाडजूड खांब होता. खांबामुळे रंगमंचाची उजवी बाजू दिसायचीच नाही. राजपुत्र उजवीकडून येणार असला की आधी टाळ्या ऐकू यायच्या आणि मग बऱ्याच वेळाने राजपुत्र.

खांबाच्या पलीकडच्या जागेवर एक बाई बसत. त्यांची लॉन्ड्री होती. त्यांना उजवी बाजू दिसायची, डावी नाही. पहिल्या एक-दोन खेळांत दोघं आपापल्या अर्ध्यावर गप्प बसले. मग एकदा उजवीकडे काहीतरी झालं, सगळं थिएटर हसलं, आणि काटेवाल्यांना राहवेना. खांबाला वळसा घालून ते कुजबुजले, "काय झालं हो?"

"त्या जाड्याचा टोप पडला," बाई म्हणाल्या. "आणि तुमच्याकडे ती मघाची मुलगी काय करत्येय?"

"रडत्येय."

"अगं बाई! टोप पडला म्हणून?"

तिथून जी दोस्ती जमली ती आजवर टिकली. दोस्ती म्हणजे एवढीच, की हा डावीकडचं सांगणार आणि ती उजवीकडचं. थिएटरबाहेर दोघं एकमेकांना कधी भेटले नाहीत. बाईंचा डोळा कपड्यांवर. "राजपुत्राच्या जाकिटाला इस्त्री नाही. दौऱ्यावर निघालात म्हणून काय झालं?" काटेवाल्यांचा डोळा पायांवर. वाद्यवृंद घाई करतोय, इथली फळी करकरते, तो नवा राजपुत्र बाईमाणसाला उचलून खाली ठेवतो की पोतं टाकतो, असलं त्यांचं चालायचं. बाईंना एक बुटकी, चपळ नर्तकी आवडायची. काटेवाल्यांना मात्र ती लांब मानेचीच, जी आता मंडळींतली मुख्य नर्तकी झाली होती. बाई तिला 'तुमची बाई' म्हणत. घरी बायको तिला 'तुमची ती चवड्यावरची' म्हणे.

आणि या तुमच्या बाईवरूनच दोघांत एक भांडण होतं, वर्षानुवर्षांचं.

एका बॅलेत दीपगृहाच्या रखवालदाराची बायको नवऱ्याची वाट बघत एकटी नाचते. उजवीकडे मागच्या कोपऱ्यात दीपगृहाचा लाकडी कठडा. तिथून ती निघते आणि गिरक्यांमागून गिरक्या घेत तिरकी, डावीकडे पार पुढे येते, आणि एका पायावर उभी राहते. काटेवाल्यांना ती खांबाआडून बाहेर पडताना दिसायची आणि मग ते उभं राहणं दिसायचं. जगात त्याच्यासारखं दुसरं काही नाही असं त्यांचं मत. लॉन्ड्रीवाल्या बाईंना फक्त निघणं दिसायचं. आणि त्यांचं म्हणणं असं, की निघायच्या आधी तुमची बाई कठड्याला हात लावते.

"आधार घेते," बाई म्हणायच्या.

"शक्य नाही."

"माझ्या डोळ्यांनी बघते मी."

"चष्मा पुसा."

"चष्मा तुम्ही पुसा. तुम्हाला ती दिसते तेव्हा तिचं अर्धं काम झालेलं असतं."

हे काटेवाल्यांच्या फार मनाला लागलं होतं. आधार घेणारी बाई त्यांनी इतकी वर्षं डोक्यावर घेतली होती की काय? घरी रंगात येऊन सांगताना मध्येच ते अडखळायचे. लेकीच्या ते ध्यानात आलं. यंदा मंडळी पुन्हा येणार आणि तीच बॅले दाखवणार असं कळल्यावर तिने बापाच्या हातात एक तिकीट ठेवलं. खालचं, तिसऱ्या रांगेतलं, अगदी मधलं.

"बाबा, लहानपणापासून तुमच्याकडून अर्धा नाच ऐकत आलेय. एकदा तरी अख्खा बघा."

"अगं, पण वर माझी जागा..."

"तुमची जागा कुठे पळून जात नाही. तो खांब आहे तिला धरून."

बायको म्हणाली, "जा हो. ती चवड्यावरची आता म्हातारी व्हायला आली असेल. परत येते की नाही कोण जाणे."

ते तर काटेवाल्यांनाही कुठूनतरी कळलं होतं, की हा तिचा शेवटचा दौरा. म्हणजे आता दिसलं तर दिसलं. नाहीतर जन्मभर बाईंचं ऐकून घ्यायचं.

रविवारी दुपारचा खेळ होता. काटेवाले सकाळीच थिएटरवर. आज कोण नाचणार त्याच्या पाट्या दाराशी फळ्यावर लावतात. तो फळा रिकामा होता. ते कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. आता पाटी लागली होती, पण बुटकीची. दारवानाला विचारलं तर तो म्हणाला, "मला काय माहीत? मला पाटी देतात, मी लावतो." ते पुन्हा कोपऱ्यापर्यंत गेले, तिथून नदीच्या पुलापर्यंत गेले, परत आले. दारवान स्टुलावर चढून पाटी बदलत होता. आता तुमच्या बाईची होती.

"पक्की ना?" काटेवाल्यांनी विचारलं.

"साहेब, तुम्ही घरी जाऊन जेवून या," दारवान म्हणाला.

जेवण कुठलं! पडदा उघडायच्या कितीतरी आधी ते तिसऱ्या रांगेत जाऊन बसले होते. खुर्ची मऊ होती, इतकी मऊ की तिच्यात बसावं कसं तेच कळेना. गुडघा सुरू झाला. शेजारच्या बाई मोत्यांची माळ सावरत म्हणाल्या, "जरा पाय आवरता का?" त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला, तर दुसरा हलायला लागला.

आणि पुढच्या रांगेत एक उंच गृहस्थ येऊन बसले. नुसते उंच नाहीत, कुरळे केस पिंजारलेले. शिवाय त्यांना पत्नीच्या कानात काहीतरी सांगायची सवय होती, आणि पत्नी उजवीकडे. ते कलले की उजवा कोपरा, कठड्यासकट, गायब. काटेवाल्यांनी मान ताणली. गृहस्थ सरळ झाले. काटेवाले खाली सरकले. गृहस्थ पुन्हा कलले. खांब तरी एका जागी असतो!

खालून सगळं वेगळंच दिसत होतं. नर्तकींच्या पाठीवरचा घाम दिसत होता. बुटांची ठकठक ऐकू येत होती, वर ती कधी आली नव्हती. तुमची बाई आली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. तिच्या मानेच्या शिरा ताणलेल्या होत्या. तोंडाच्या दोन्ही बाजूंना रेघा होत्या. काटेवाल्यांना उगीच ओशाळल्यासारखं झालं, कोणाच्या घरात न विचारता शिरल्यासारखं. सांगायलाही शेजारी कोणी नाही. एकदा सवयीने ते उजवीकडे वळून म्हणाले, "घाई करतायत बघा वाजवणारे," आणि मोत्यांची माळ दचकली.

मध्यंतराची घंटा झाली मात्र, काटेवाले उठले आणि जिना चढायला लागले. कशाला, हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. नाच तर पुढच्याच अंकात होता.

लॉन्ड्रीवाल्या बाई जागेवर होत्या. पलीकडच्या जागेवर त्यांची पिशवी आणि छत्री ठेवलेली.

"कोणी आलं नाही वाटतं तिथे?" काटेवाल्यांनी विचारलं.

"एक पोरगा आला होता. म्हटलं, ते येणारेत. गेला." बाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "नवा कोट? आणि उशीर! अर्धं सगळं माझं मलाच ओळखून घ्यावं लागलं. कुठे होतात?"

काटेवाल्यांनी तिकिटाची हकिकत सांगितली. कुरळ्या केसांचीही सांगितली.

"म्हणजे माझं खरं-खोटं करायला गेला होतात."

"तसं नाही हो."

"मग कसं?"

काटेवाल्यांनी पिशवी उचलून बाईंच्या हातात दिली आणि आपल्या जुन्या जागेवर बसले. समोर खांब. त्याच्यावरचा रंगाचा पोपडा ओळखीचा. इथे बसलं की काही दिसायचं नाही. ती नेहमीसारखी खांबाआडून येईल, उभी राहील, आणि बाईंचं म्हणणं बाईंपाशी राहील. थोडं हायसं वाटलं. गुडघा मात्र हलतच होता.

"घाबरलात," बाई म्हणाल्या.

"कोण?"

"तुम्ही. तिने हात लावला तर काय करणार? थिएटर सोडणार?"

"लावतच नाही ती."

"मग उठा." बाई उभ्या राहिल्या. "या माझ्या जागेवर."

इतकी वर्षं झाली, पण जागा बदलावी हे दोघांच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. तिकिटावर नंबर असतो. ज्याचा नंबर, त्याची जागा.

"नियमात बसत नाही," ते म्हणाले.

"खुर्चीत बसा. नियमाचं मी बघते."

दिवे मंदावत होते. मागून कोणीतरी "बसा, बसा" केलं. आता उभं राहण्यात अर्थ नव्हता. काटेवाले खांबाच्या पलीकडे जाऊन बसले आणि लॉन्ड्रीवाल्या बाई त्यांच्या जागेवर.

पडदा उघडला. काटेवाल्यांना उजवी बाजू जशीच्या तशी समोर आली. दीपगृह म्हणजे रंगवलेलं फळकुट होतं, पण कठडा खरा, लाकडी. ती कठड्याशी आली. संगीत मंदावलं. ती थांबली. या थांबण्याबद्दल काटेवाल्यांना काहीच ठाऊक नव्हतं; त्यांच्या बाजूला या वेळी नुसता रिकामा रंगमंच असायचा. तिचा श्वास खांद्यांतून वर-खाली होत होता. उजवा पाय बारीक थरथरत होता. इतक्या वरून ते दिसलं, निदान त्यांना तरी तसं वाटलं.

मग तिने हात बाजूला नेला आणि दोन बोटं कठड्यावर टेकली.

लावला! बाई खरं बोलत होत्या. आता त्या खांबाआडून 'बघितलंत?' म्हणणार, आणि तेही बरोबरच. पण काटेवाल्यांचा डोळा त्या बोटांवरून हलेना, कारण काहीतरी ओळखीचं वाटत होतं. खांदा कलला नव्हता. मनगट सैल होतं. भार असा बोटांवर नव्हताच. नुसती टेकवली आणि उचलली. पायाची थरथर एकदा वाढली, मग कमी कमी होत थांबली. आणि ती निघाली.

हे तर ते स्वतः रोज करत. काटा जोडून झाला की रिकाम्या पारड्याला बोटाने हलकेच टिचकी द्यायची. काटा थरथरतो आणि शून्यावर येतो. थरथरला नाही तर समजायचं, आत अडकलाय.

ती गिरक्या घेत तिरकी निघाली आणि खांबाआड गेली. काटेवाल्यांच्या पुढे रिकामा कठडा राहिला. थिएटर एकदम चिडीचूप झालं. म्हणजे आता ती उभी असणार. संगीत थांबलेलंच होतं, थांबलेलंच होतं, आणि खांबापलीकडून बाईंचा आवाज आला, अगदी बारीक, "अगं आई गं..."

मग टाळ्या फुटल्या.

टाळ्या ओसरल्यावर लॉन्ड्रीवाल्या बाई खांबाला वळसा घालून म्हणाल्या, "किती वेळ उभी राहते हो ती! मला वाटायचं तुम्ही फुगवून सांगता."

"मी तर कमीच सांगायचो," काटेवाले म्हणाले.

"आणि हात?"

"लावते."

"झालं तर मग."

"पण आधार नाही घेत. शून्य बघते."

"म्हणजे काय?"

त्यांनी पारड्याचं सांगितलं. टिचकी कशी द्यायची ते खांबावर बोटाने करून दाखवलं. बाईंनी ऐकून घेतलं, स्वतःही खांबाला एक टिचकी मारून पाहिली.

"लावते ना पण हात?" त्या म्हणाल्या.

"लावते हो, लावते!"

"तेवढंच म्हणत होते मी. आधाराचं आपलं रागाच्या भरात निघायचं." त्यांनी पिशवी मांडीवर ओढली. "उद्या कोण आहे?"

"पाटी अजून लागलेली नाही."

"बुटकी असेल तर माझी जागा मला हवी. तुमची बाई असेल तर..." त्या थांबल्या. "तर बघू. आधी जो येईल तो बसेल."

काटेवाले घरी पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. बायको आणि लेक वाटच बघत होत्या.

"दिसला अख्खा?" लेकीने विचारलं.

"अर्धाच."

"बाबा! तिसऱ्या रांगेतून?"

"दुसरा अर्धा," काटेवाले म्हणाले, आणि कोट न काढताच स्वयंपाकघरात फेऱ्या मारायला लागले. कठड्यापासून कसं सांगावं याची जुळणी चालली असावी. शेवटी बायकोने खुर्ची पुढे ओढली.

"बसून सांगा. आणि त्या पेल्यापासून लांब."