तोतारामाच्या दोन सऱ्या

तानुबाईला नवऱ्याची कीव कधी आली नाही. कीव यायलाही माणसात काही ऐवज लागतो, आणि तोतारामात तो नव्हता. पाचोऱ्याजवळच्या त्या खेड्यात सकाळी चहा ढोसून तो पारावर जाऊन बसे, तो पोटात कावळे ओरडले की उठे. पारावर बसून साऱ्या जगाची शेती करी. स्वतःचा विहिरीकाठचा अर्धा एकर मात्र बायकोच्या अंगावर.

अठ्ठ्याऐंशी साली तिनं तिथे टमाटे लावले. थंडी पडली, दव पडू लागलं, आणि खालच्या पानांवर काळपट ठिपके उमटले. करपा. तानुबाई कामाला लागली. ऊन चढून दव सुकलं की ती डागी पानं खुडायची, एकही खाली पडू न देता टोपलीत टाकायची आणि बांधापलीकडे नेऊन जाळायची. झाडं तिनं कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या आधारानं सुतळीनं उचलून बांधली.

तोताराम एकदाच फिरकला. बांधावरूनच हसला. "हाई काय करी रायनी? कोंबडी सोली रायनी का?"

तिनं मान वर केली नाही. कुत्रं भुंकलं म्हणून कोणी हातचं काम टाकत नाही.

पंधरा दिवसांत शेजारच्या शेतकऱ्याचा, निंबाचा, टमाट्यांचा मळा होरपळल्यासारखा झाला; हिचा हिरवागार. कृषी सहायक पाहायला आला, तेव्हा धुतलेली टोपी घालून तोताराम आधीच हजर.

"पानं खुडायची युक्ती माझीच, साहेब."

साहेब खूश झाला. "उद्या गावातल्या शेतकऱ्यांना दाखवा," म्हणाला, आणि शेजारी उभ्या तानुबाईकडे त्यानं प्यायला पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी, झाडं दवानं निथळत असताना, तोतारामानं दहा-बारा जण गोळा केले. आधी निंबाच्या मळ्यातली रोगट पानं चुरगाळून दाखवली. मग त्याच ओल्या हातांनी हिच्या झाडांची पानं ओरबाडत दोन सऱ्या पार केल्या. तीही शेंड्याची कोवळी पानं!

तानुबाई विहिरीवरून धावत आली. "हात काढा! ओला झाडले कोनी हात लावस का? रोग पसरस!"

"बाईमाणसाला काय कळतं," तो लोकांकडे पाहत म्हणाला. दोघं-तिघं हसले. निंबा हसला नाही.

आठवडाभरात त्या दोन सऱ्या काळ्या पडल्या. तानुबाई सरळ पारावर गेली आणि चारचौघांदेखत टोपली तोतारामाच्या पायांशी ठेवली.

"त्या दोन सऱ्या तुम्हन्या. उपटा आनि जाळा. बाकी बठ्ठं मन्हं शे."

कोणी हसतंय का, हे त्यानं पाहिलं. कोणी हसेना, तेव्हा उठला. दुपारपर्यंत तो झाडं उपटत होता. हात हिरवे-काळे झाले होते. निंबा बांधावर आला, पण त्याच्याजवळून पुढे जाऊन तानुबाईपाशी थांबला.

"अक्का, पयले कोनतं पान खुडू?"

तिनं वाकून दाखवलं.

"खालचं, खालचं," मागून तोताराम म्हणाला.

दोघांनीही वळून पाहिलं नाही.