माफी कसली गो?

अभिरूप विधानसभेच्या सकाळी खुर्च्या, माइक, घंटा, पालकांची बसायची सोय अशी सगळी कामं मी यादीतून एकेक करून खोडली होती. पोलादपूरजवळच्या शाळेत मी राज्यशास्त्र शिकवते. सरकारने मुलींच्या उच्च शिक्षणाची फी माफ केली, म्हणून यंदा तोच विषय घेतला होता. त्यामागे माझा स्वार्थही होता. बारावीतल्या माझ्या एका विद्यार्थिनीला फार्मसीला जायचं होतं आणि तिचे वडील उत्पन्नाचा दाखला काढायला तयार नव्हते. दाखल्याशिवाय सवलत नाही आणि सवलतीशिवाय कॉलेज नाही. कारण विचारलं की ते नुसते मान हलवायचे.

तीच शिक्षणमंत्री झाली होती. "अध्यक्ष महोदया, मुलींना संपूर्ण फी माफी देणारं विधेयक मी मांडते..."

"माफी कसली गो?" पालकांतून तिच्या वडिलांचा आवाज आला. "माफी चोराला करतात. आमी काय गुन्हा केलाय?"

सभागृह हसून लोटपोट. नववीतल्या अध्यक्षीणबाईंनी घंटा बडवली. "प्रेक्षकांनी गप बसावं, नायतर बाहेर काढीन!"

"काढ. तुज्या बापाला सांगतो मग."

मी मात्र जागच्या जागी ताठ झाले. म्हणजे गाडी या शब्दापाशी अडली होती तर! लेकीच्याही ते लक्षात आलं.

"महोदया, दुरुस्ती मांडते. 'माफी' हा शब्द काढावा. 'मुलींची फी शासन भरेल' असं लिहावं."

"शासन आणणार कुठून?" विरोधी पक्षनेता ओरडला.

"करातून. माझे बाबा खत घेतात, डिझेल घेतात, त्या प्रत्येकावर कर भरतात. त्यातूनच."

मतदान झालं. भराभर हात वर गेले, त्यात वडिलांचाही.

"प्रेक्षकांना मत नाय!" अध्यक्षीणबाई ओरडल्या.

"मत नाय? मग माज्याकडून कर कशाला घेता?"

यावर अध्यक्षीणबाईंनाही हसू आवरेना. दुरुस्ती मंजूर झाली. वडील उठून थेट माझ्याकडे आले. "बाई, दाखल्याला काय काय लागतं?"

मी एका दमात सगळी कागदपत्रं सांगितली.

"बरं. उद्या जातो."

"उद्या नाय, आत्ता!" मंत्रीणबाई व्यासपीठावरून उडी मारून खाली आल्या. "तहसील कचेरी आज उघडी हाय, बाबा, चला!"

दोघं मोटरसायकलवरून निघून गेली. पुढच्या विधेयकाला शिक्षणमंत्री गैरहजर होत्या.