काठीची अंघोळ

उभ्या मराठवाड्यात स्वतः दोन-दोन दिवस बिनअंघोळीचा राहून काठीला अंघोळ घालणारा माणूस एकच होता, आणि तो लातुरात आमच्या समोरच्या घरात राहायचा. सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणायची. कपाळावर विभूतीचे पट्टे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा आणि खांद्यावर ही काठी. काठी म्हणजे म्हाताऱ्या माणसानं टेकायची नव्हे. एकात एक शिरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पाच नळ्या आणि प्रत्येक सांध्यावर आवळायला प्लास्टिकचा चिमटा. मिटली तर चार फूट, ओढली तर अठरा फूट. टोकाला ओला बोळा किंवा रबराची पट्टी लावायची आणि जमिनीवर उभं राहून वरच्या मजल्याच्या काचा पुसायच्या. अप्पांचं आधी काचा बसवण्याचं दुकान होतं. गुडघ्यांनी शिडीशी भांडण काढलं तेव्हा त्यांनी दुकान आवरलं, हैदराबादहून ही काठी मागवली आणि आपणच बसवलेल्या काचा पुसायला सुरुवात केली. लातुरात क्लासेसच्या इमारती काचेच्या आणि हवा डाळमिलच्या धुळीची, त्यामुळे कामाला तोटा नव्हता.

अप्पांचं कॅलेंडर वेगळं होतं. त्यांच्या हिशेबी जगाचे दोनच भाग, लातूर जिल्हा व्हायच्या आधीचा आणि नंतरचा. कोणी म्हणालं, हा रस्ता पूर्वी अरुंद होता, की अप्पा विचारणार, "जिल्ह्याच्या आधी का मागून?" त्यांचं लग्न बरोबर जिल्हा झाला त्या वर्षी झालं. नव्या जिल्ह्याच्या नव्या इमारतींना काचा बसवायची इतकी घाई होती, की हळदीच्या अंगानं ते कामावर गेले आणि काकूंनी नवऱ्याचं तोंड नीट पाहिलं ते आठ दिवसांनी. "जिल्ह्याला बघायला समदे आले, मला बघायला ह्यांना सवड न्हवती," असं काकू सांगायच्या, आणि अप्पा काठी पुसता पुसता गालात हसायचे.

काठी पुसणं हा रोजचा सोहळा होता. काम करून आले की चहाच्या आधी काठी. ती पुरती उघडायची, दोन खुर्च्यांवर आडवी ठेवायची. मग ओल्या फडक्यानं एकेक नळी पुसायची, आतून पाणी सोडून रेतीचा कण न कण काढायचा, चिमट्यांच्या खाचा दातांच्या जुन्या ब्रशनं घासायच्या, काठी उलटी धरून निथळायची आणि सावलीत वाळवून मगच मिटायची. फडकं काकूंच्या जुन्या सुती लुगड्याचंच लागायचं. टेरिकॉट त्यांना काठीच्या आसपास चालत नसे. नळ्यांना त्यांनी नाती दिली होती. सगळ्यात जाड तो थोरला, सगळ्यात बारीक ती धाकटी. "तिसरा जरा हट्टी हाय, त्याला चुचकारावं लागतंय," असं ते म्हणायचे तेव्हा पाहुण्यांना वाटायचं यांना पाच मुलं आहेत. प्रत्यक्षात एकच मुलगी, नांदेडला दिलेली. शेवटी काठी मिटताना आतली हवा बाहेर पडून सुस्स असा आवाज यायचा. तो आवाज एकसारखा आला तरच अप्पा चहाचा कप हातात घेत. अडखळत आला तर पुन्हा पहिल्यापासून. तोवर चहा गार आणि काकू गरम.

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा, गल्लीभर पिंपांच्या रांगा लागायच्या. काचा धुवायचं नावसुद्धा कोणी काढेना. क्लासेसच्या इमारती पिवळ्या पडल्या. अप्पा कोरड्या फडक्यानं काचा झटकून यायचे, पण घरी आल्यावर काठीचा अर्धा तांब्या ठरलेला. घरच्या पाण्यात हे पाणी कुठून आणायचं, तर अप्पांच्या अंघोळीतून. मी एकदा म्हणालो, "अप्पा, अवो, तुमी तर अंघोळ करा." तर म्हणाले, "मी मळलो तर काय अडकून बसन व्हय? काठी अडकती."

त्यातच काकूंना मुतखडा झाला. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला चार लिटर पाणी प्या. त्या उन्हाळ्यात लातुरात कोणाला हे सांगणं म्हणजे थट्टाच होती. मुलगी येऊन आईला नांदेडला घेऊन गेली. तिथं निदान एक दिवसाआड नळ यायचा. आता अप्पांच्या घरात जुनी रीत होती, आईबापांनी लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. काकूंनी जाताना स्वतःपुरता निकाल लावला. "डॉक्टरनं सांगितलेलं पाणी म्हंजी औषध. औषधाला रीत नसती." अप्पांना मात्र डॉक्टरांनी काहीच सांगितलेलं नव्हतं. लातुरात पाणी नाही म्हणून काकू येऊ शकत नाहीत, आणि नांदेडला पाणी आहे पण ते पिता येत नाही म्हणून अप्पा जाऊ शकत नाहीत. असे अडीच महिने गेले. अप्पा पोळ्या करायला शिकले, म्हणजे करायचे आणि मला खायला लावायचे. रोज संध्याकाळी फोनवर काकूंना एकच विचारायचे, "पाणी पिलीस का?" तिकडून उत्तर आलं की फोन बंद. बोलणं एवढंच, पण त्यानंतर बराच वेळ ते फोन हातात धरून ओट्यावर बसून राहायचे. मला ते बघवायचं नाही.

याच दिवसांत अप्पांना एका नातेवाइकाच्या कार्याला रेणापूरला मुक्कामी जावं लागलं. जाताना काठी माझ्या हवाली केली. "उघडायची, पुसायची, मिटायची. दुसरं काय बी करायचं न्हाई." आता मी पडलो तेलाच्या मिलमधला कारकून. आमच्या घरी दार कुरकुरलं तर तेल, कान दुखला तर तेल, मूल रडलं तर टाळूवर तेल. मी काठी उघडली तर तिसरी नळी खरखरत होती. मला अप्पांची कीव आली. वाटलं, बिचारे तिसऱ्याला रोज चुचकारतात, आपण त्याचं कायमचं भलं करून टाकू. घरातून करडीचं तेल आणलं आणि पाचही नळ्यांना हात सैल सोडून लावलं. काठी काय सरकली म्हणता! मी दहा वेळा उघडली, दहा वेळा मिटली, बायकोला बोलावून दाखवली. मग तेल चांगलं मुरावं म्हणून ती पूर्ण उघडून गच्चीवर ठेवली आणि मिलला गेलो.

दुपारी वावटळ सुटली. लातूरची धूळ म्हणजे निम्मं डाळीचं पीठ. तेल आणि पीठ एकत्र आल्यावर काय होतं हे लातूरकराला सांगायला नको. संध्याकाळी येऊन बघतो तर अठरा फुटांवर घट्ट लाडू वळलेला. मी रेटली, बायकोनं रेटली, शेजाऱ्यांनी दोन टोकं धरून आतल्या बाजूला उलटी रस्सीखेच केली. काठी इंचभर हलली नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पा आले. मी तोंड लपवून उभा. त्यांनी नळीवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि विचारलं, "करडी?"

"हाव," मी म्हणालो.

"तेल भज्याला असतंय, आरं. काठीला नसतंय."

एवढंच बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते ओट्यावर बसले आणि काठीचं एक टोक मांडीवर घेऊन बघत राहिले. रॉकेल लावावं तर प्लास्टिकचे चिमटे खराब होणार. साबण लावून वाहत्या पाण्याखाली तास-दोन तास धरली तरच ती सुटणार होती, आणि वाहतं पाणी लातुरात कोणाच्या स्वप्नातच वाहत असेल. मी माझ्या पिंपातलं पाणी देऊ केलं. "लेकरांच्या तोंडचं पाणी काठीला? नगं," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नांदेडला न्यावी लागती." आणि मी काही बोलायच्या आत, "मी पाणी प्यायला न्हाई जाऊ लालो. काठी धुवायला जाऊ लालोय."

चूक माझी, म्हणून मीही सोबत निघालो. एसटीच्या टपावर काठी चढवताना कंडक्टरनं अडवलं. "काय हाय हे?"

"काठी," अप्पा म्हणाले.

"येवढी लांब?"

"मिटती ती. लहान हुती."

"मग मिटा की."

"मिटंना म्हणून तर नेऊ लालोय."

कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी टपाकडे पाहिलं. अप्पांनी घरून एक बाटली भरून घेतली होती, लेकीच्या घरी लागेल तेवढं आपलं पाणी. उन्हाचा तडाखा असा होता की वाटेत लोहा गाव येईपर्यंत ती मीच रिकामी केली. अप्पांनीच आग्रह करकरून पाजली.

लेकीच्या घराच्या फाटकातून आधी काठी आत गेली आणि बऱ्याच वेळानं तिच्या दुसऱ्या टोकाला अप्पा दिसले. काकू दारात आल्या. काठीच्या टोकापासून नजर फिरवत फिरवत अप्पांच्या तोंडापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "वाळलाव की वो." अप्पा म्हणाले, "तेल लावलंय ह्यानं." दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते आणि दोघांचे डोळे भरले होते. मी चपला काढण्यात वेळ घालवला.

मग अंगणात काठी आडवी ठेवली. काकूंनी नळाला पाइप लावला. अप्पा साबण चोळायचे, काकू पाणी सोडायच्या, आणि लुगड्याचं फडकं दोघांच्या हातात आलटून पालटून फिरायचं. दीड तासानं धाकटी सुटली, मग तिसरा सोडून थोरल्यापर्यंत एकेक. तिसरा सगळ्यात शेवटी. अप्पांचे ओठ उन्हानं सुकून पांढरे पडले होते. लेक दोनदा तांब्या घेऊन आली, दोनदा ते मानेनंच नको म्हणाले. तिसऱ्यांदा काकूंनी तिच्या हातून तांब्या घेतला आणि समोर उभ्या राहिल्या.

"दुपारपसून त्या काठीला लेकीच्या घरचं पाणी पाजू लालाव. तिची रीत मोडली ती चालली. तुमी काय तिच्यापेक्षा थोर हाव का?"

अप्पांनी हातातल्या काठीकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. लेक दारातच थांबली होती, लग्न झाल्यापासून थांबलेली असावी तशी. मग त्यांनी तांब्या घेतला आणि वरून घटाघटा पाणी प्याले. सदरा भिजला. लेक पदर तोंडाला लावून आत पळाली. "नांदेडचं पाणी जरा गोड हाय," अप्पा म्हणाले, आणि फडकं उचलून पुन्हा कामाला लागले.

संध्याकाळच्या गाडीला मी निघालो. अप्पा म्हणाले, "तू हो फुडं. काठी वाळू दे, मग येतो." मे महिन्याचं ऊन होतं. त्या उन्हात काठीच काय, अंगणातला दगडही घटकेत वाळला असता. मी एकटाच गाडीत बसलो.

आठ दिवसांनी फोन केला तर म्हणाले, "आतून वल हाय अजून." महिन्यानं विचारलं तर तिसऱ्याचा चिमटा दुरुस्त करायचा होता. पुढे पाऊस झाला, लातूरच्या नळांना पाणी आलं. मी ते मोठ्या उत्साहानं कळवलं, अगदी नळाचा आवाजसुद्धा फोनवर ऐकवला. अप्पा खूष झाले. "आलं का? लई चांगलं झालं," म्हणाले. मागून काकूंचा आवाज येत होता, चहा गार होतोय म्हणून. तिकडे त्यांना काचांचं कामही मिळालं आहे. आता वर्षं झाली. समोरच्या घराला कुलूप आहे. दोन जीव एका जागी आले ते माझ्या चुकीमुळे, असं बायको मला समजावते, आणि मला त्याचा आनंद आहेच. पण मिलमधून आलो की पाय आधी समोरच्या ओट्याकडे वळतात. सणावाराला फोन होतो. मी विचारतो, "काय म्हणती काठी?" आणि अप्पा हळू आवाजात सांगतात, "वाळू लाली."

"वाळू द्या, अप्पा," मी म्हणतो. "कसली घाई न्हाई."